गोळीचे तास कोणाचे?

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक शाळांमध्ये दुपारी बाराच्या सुमारास एक रांग लागायची. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत काही मुलं वर्गातून उठायची आणि शाळेतल्या नर्सच्या खोलीबाहेर उभी राहायची. नर्स कपाटाचं कुलूप उघडायची, बाटलीवरचं नाव तपासायची, नोंदवहीत वेळ लिहायची आणि मुलानं गोळी गिळली की नाही हे पाहायची. गोळी मिथाइलफेनिडेटची असायची. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकण्यात आणि आवेग आवरण्यात येणारी अडचण, यावर दिलं जाणारं हे उत्तेजक वर्गातलं औषध. सकाळी न्याहारीबरोबर घेतलेल्या साध्या गोळीचा परिणाम तीन ते पाच तासांत ओसरतो, म्हणून दुपारची दुसरी गोळी शाळेत घ्यावी लागायची.

त्या रांगेत उभं राहायचं म्हणजे आपलं निदान सगळ्या शाळेसमोर जाहीर करायचं. बरीच मुलं ती टाळायची. काही नुसतीच विसरायची, आणि त्यात नवल नव्हतं. वेळेचं भान राहत नाही म्हणून ज्यांना औषध दिलं होतं, त्यांच्याकडूनच घड्याळाकडे लक्ष ठेवून दुसऱ्या मजल्यावरून खाली येण्याची अपेक्षा होती. आणि चार वाजता घरी पोचलेल्या मुलाचं काय? तोवर दुसरी गोळीही उतरलेली असायची. गृहपाठ, खेळ, भावंडांशी भांडण, रात्रीचं जेवण हे सगळं औषधाच्या हद्दीबाहेर.

ऑगस्ट २०००मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ‘कॉन्सर्टा’ या गोळीला मान्यता दिली. औषध तेच, मिथाइलफेनिडेट. फक्त सकाळी एकदा घेतली की परिणाम साधारण बारा तास टिकतो. ती रांग हळूहळू ओसरली. या बदलाची नोंद बहुतेक वेळा ‘सोय झाली’ एवढ्या दोन शब्दांत संपवली जाते, आणि तिथेच चूक होते. औषध किती तास टिकतं हा प्रश्न वरवर फार्मसीचा वाटतो. मुळात तो वेगळा आहे: उपचार नेमके कोणत्या तासांसाठी आहेत, आणि ते तास कोणाच्या गरजेनं ठरतात? अनेक दशकं त्याचं उत्तर ‘शाळेच्या’ असं होतं. दिवसभर पुरणाऱ्या गोळीनं ते बदलण्याची शक्यता पहिल्यांदा निर्माण केली. ती शक्यता अजून पुरती वापरली गेलेली नाही.

या औषधांचं शाळेशी असलेलं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. १९३७मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रॅडली होम या बालरुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रिन हे अँफेटामिन वर्गातलं औषध देऊन पाहिलं. त्यातल्या १४ मुलांच्या शाळेच्या कामात ठळक फरक पडला. सर्वांत जास्त फरक गणितात दिसला आणि रुग्णालयात त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असं नाव पडलं. उत्तेजक औषधानं धावपळ करणारं मूल शांत होतं, हे त्या काळी कोड्यात टाकणारं होतं. आज त्याचं कारण बरंचसं उलगडलं आहे. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं थोडी अधिक काळ उपलब्ध राहिली, की आवेग थोपवणं आणि हातातलं काम धरून ठेवणं सोपं जातं.

मिथाइलफेनिडेट आलं १९४४मध्ये, बाझेलच्या सिबा कंपनीत. लिआंड्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं ते तयार केलं. त्यांची पत्नी मार्गारिट, लाडाचं नाव रिटा, टेनिस खेळायच्या आधी ते घेत असे. तिच्याच नावावरून ‘रिटालिन’ हे नाव पडलं. १९५४च्या सुमारास ते युरोपात विक्रीला आलं. सुरुवातीला ते थकव्यावर, उदासीवर दिलं जाई. मुलांसाठीचं औषध ही त्याची ओळख नंतरची.

आणि ती ओळख होताच संशयही आला. जून १९७०मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं बातमी दिली, की नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात ५ ते १० टक्के शाळकरी मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधं दिली जात आहेत. आकडा फुगलेला होता, पण त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. प्रश्न एकच होता: गोळी मुलासाठी आहे की वर्ग शांत राहावा म्हणून शिक्षकांसाठी? पुढच्याच वर्षी, १९७१मध्ये, अमेरिकेनं अँफेटामिन आणि मिथाइलफेनिडेट ही दोन्ही औषधं कडक नियंत्रणाच्या यादीत टाकली. तो संशय खोटा नव्हता. ज्या औषधाचा परिणाम नेमका शाळेच्या घंटांएवढाच टिकतो, ते शाळेसाठीच आहे असं वाटणारच.

मग दिवसभर टिकणारी गोळी आधीच का आली नाही? तसा प्रयत्न झाला होता. १९८२च्या सुमारास रिटालिनचा ‘एसआर’ प्रकार बाजारात आला. मेणासारख्या पदार्थात औषध मुरवलेलं असायचं आणि ते सावकाश बाहेर पडायचं. कागदावर हिशेब चोख होता: औषध संथ गतीनं सुटेल, रक्तातली पातळी एकसारखी राहील, परिणामही एकसारखा राहील. प्रत्यक्षात डॉक्टरांचा आणि पालकांचा अनुभव निराशेचा होता. गोळी चढायला वेळ लागायचा आणि दुपारनंतर तिचा जोर कमी पडायचा.

असं का होतं, याचा उलगडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधनातून झाला. जेम्स स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रयोगशाळेतच वर्ग उभारला. एडीएचडी असलेली मुलं तिथे दिवसभर राहायची, ठरावीक अंतरानं गणिताची छोटी चाचणी सोडवायची, आणि त्यांचं वागणं तासागणिक नोंदवलं जायचं. मुलांना औषध वेगवेगळ्या पद्धतींनी दिलं गेलं. एका पद्धतीत रक्तातली पातळी सपाट राहील अशी व्यवस्था होती, तर दुसरीत दर अर्ध्या तासानं थोडी थोडी मात्रा देऊन पातळी हळूहळू चढत ठेवली जायची. पातळी सपाट असताना दुपारी परिणाम घसरला. पातळी चढती ठेवली तेव्हा परिणाम दिवसातून तीनदा गोळी दिल्याइतका टिकला. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा, की या औषधाला शरीर एका दिवसातच थोडंसं सरावतं. सकाळी दहाला जेवढी मात्रा पुरते, तेवढीच दुपारी तीनला पुरत नाही. परिणाम स्थिर ठेवायचा तर मात्रा वाढती ठेवावी लागते.

हा शोध गोळीत उतरवणारं तंत्र कॅलिफोर्नियातल्याच अल्झा कंपनीकडे तयार होतं. कॉन्सर्टाच्या गोळीचं बाहेरचं कवच औषधाचंच असतं. एकूण मात्रेचा २२ टक्के भाग त्यात असतो आणि तो पोटात गेल्यावर तासाभरात काम सुरू करतो. आत एक न विरघळणारं आवरण आहे, ज्यातून पाणी आत जातं पण औषध बाहेर येत नाही. आवरणाच्या एका टोकाला लेसरनं पाडलेलं सूक्ष्म छिद्र असतं. आत तीन थर असतात: दोन औषधाचे, तिसरा ढकलणारा. आतड्यातलं पाणी शिरलं की हा तिसरा थर भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो आणि औषध छिद्रातून थोडं थोडं बाहेर लोटतो. दोन औषधी थरांपैकी छिद्राजवळच्या थरात औषधाचं प्रमाण कमी आणि दुसऱ्यात जास्त, म्हणून दिवस चढतो तशी पातळीही चढते. काम संपलेलं रिकामं आवरण शौचावाटे बाहेर पडतं. काही पालक ते पाहून गोळी विरघळलीच नाही म्हणून घाबरतात. ती चावायची किंवा कुटून द्यायची नाही, कारण तसं केलं की बारा तासांची मात्रा एकदम सुटते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दीर्घकाळ टिकणारी गोळी म्हणजे जास्त जोरदार गोळी असा अनेक पालकांचा समज असतो, आणि १८ मिलिग्रॅम हा आकडा वाचून तो पक्का होतो. प्रत्यक्षात कॉन्सर्टाची १८ मिलिग्रॅमची गोळी साधारण ५ मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या दिवसातून तीनदा घेण्याच्या बरोबरीची आहे. सुरुवातीच्या तासात सुटणारं औषध फक्त ४ मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

उलट, औषध हळू चढणं हे सुरक्षिततेच्या दृष्टीनं महत्त्वाचं ठरलं. ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत नोरा व्होल्कोव यांनी मेंदूच्या पेट स्कॅनवर दाखवलं, की मिथाइलफेनिडेटची नशा होते की नाही हे ते मेंदूत किती वेगानं पोचतं यावर अवलंबून असतं. २००६मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी काही निरोगी प्रौढांवर साधी गोळी आणि कॉन्सर्टा यांची तुलना केली. डोपामिन-वाहकांवरचा सर्वोच्च परिणाम दोन्हींचा सारखाच होईल अशा मात्रा त्यांनी निवडल्या होत्या. तरीही ‘हे औषध आवडलं’ अशी भावना साध्या गोळीबरोबर दिसली, दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीबरोबर नाही.

कॉन्सर्टानंतर पर्यायांची रीघ लागली. २००१मध्ये दोन प्रकारचे मणी असलेली अॅडरॉल एक्सआर, २००२मध्ये रिटालिन एलए, २००६मध्ये कातडीवर लावायची पट्टी. २००७मध्ये लिसडेक्सअँफेटामिन आलं. त्यात औषधाच्या रेणूला लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं आणि ते रक्तातल्या लाल पेशींमध्ये तुटल्यावरच औषध क्रियाशील होतं. २०१८मध्ये तर रात्री झोपण्यापूर्वी घ्यायचं मिथाइलफेनिडेट मान्य झालं. ते सुमारे दहा तास जवळजवळ काहीच करत नाही आणि सकाळी मूल उठायच्या वेळी जागं होतं. आंघोळ, दप्तर, बूट, बस या दीड तासात घरात रोज होणारी आदळआपट हा उपचाराचा विषय आहे, हे औषध उद्योगाला समजायला २०१८ साल उजाडलं.

हे तास महत्त्वाचे आहेत याचा पुरावा १९९९च्या ‘एमटीए’ अभ्यासातच होता. अमेरिका आणि कॅनडात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर झालेला हा १४ महिन्यांचा अभ्यास एडीएचडीच्या उपचारांतला मैलाचा दगड मानला जातो. ज्या मुलांना संशोधकांनी काटेकोरपणे औषध दिलं, त्यांची लक्षणं बाहेर नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक कमी झाली. पण बाहेरच्या गटातल्या दोन-तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होतं. मग फरक कुठला? संशोधकांच्या गटात औषध आठवड्याचे सातही दिवस आणि दिवसातून तीनदा होतं, मात्रा जास्त होती आणि दर महिन्याला डॉक्टरांची भेट होती. बाहेर सरासरी दोन-सव्वादोन गोळ्यांवर दिवस संपायचा. संध्याकाळ झाकली जाणं हे फरकाच्या कारणांपैकी एक होतं.

संध्याकाळी नेमकं काय पणाला लागतं, हे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॅनियल कॉक्स यांनी २००४मध्ये मोजलं. १६ ते १९ वर्षांच्या, एडीएचडी असलेल्या सहा मुलांना त्यांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर दुपारी दोन, पाच, रात्री आठ आणि अकरा वाजता बसवलं. एकदा साधी गोळी दिवसातून तीनदा देऊन, एकदा दिवसभर टिकणारी गोळी एकदाच देऊन. साध्या गोळीवर रात्रीचं गाडी चालवणं बिघडत गेलं, दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीवर ते अधिक सावरलेलं राहिलं. अभ्यास छोटा होता. पण २०१७मध्ये अमेरिकेतल्या २३ लाख रुग्णांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात दिसलं, की औषध घेत असलेल्या महिन्यांत त्याच व्यक्तींना मोटार अपघात होण्याची शक्यता औषध नसलेल्या महिन्यांपेक्षा पुरुषांत ३८ आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी होती. नोंदींवर आधारलेला अभ्यास कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध करत नाही. पण एकाच माणसाची त्याच्याशीच तुलना केल्यावर एवढा फरक दिसत असेल, तर तो बाजूला सारता येत नाही. रस्त्यावर शाळेची घंटा वाजत नाही.

आता सगळ्यात अवघड पुरावा. २०२२मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात विल्यम पेलम यांच्या गटानं उन्हाळी शिबिरातल्या ७ ते १२ वर्षांच्या १७३ मुलांना आळीपाळीनं दिवसभर टिकणारं मिथाइलफेनिडेट आणि खोटी गोळी दिली. औषध घेतल्यावर मुलांनी ठरलेल्या वेळात ३७ टक्के अधिक गणितं सोडवली. वर्गातले नियम मोडण्याचं प्रमाण ५३ टक्क्यांनी घटलं. पण नवीन विषय शिकवला गेला तेव्हा औषध असो वा नसो, मुलं सारखंच शिकली.

औषधाच्या विरोधकांनी हा निकाल आपला विजय म्हणून साजरा केला. त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. गुण वाढावेत म्हणून मुलाला ही गोळी देणाऱ्या पालकाला हा अभ्यास स्पष्ट ‘नाही’ म्हणतो, आणि ते ‘नाही’ सगळ्यांनी ऐकायला हवं. पण निष्कर्ष ‘औषध निरुपयोगी’ असा निघत नाही. औषध ज्या कारणासाठी इतकी वर्षं दिलं गेलं ते कारण चुकीचं होतं, असा निघतो. या आजाराची किंमत मूल गणिताच्या पेपरात मोजतं त्याहून कितीतरी जास्त बाकी दिवसात मोजतं. खेळात बारी तोडल्यामुळे तुटलेली मैत्री, रस्ता ओलांडताना न पाहणं, तोंडातून निसटलेला शब्द, रोज संध्याकाळी आईशी होणारं तेच भांडण. गोळीचा हिशेब करायचा असेल तर तो या तासांत करावा.

बारा तास औषध म्हणजे मुलाचा अख्खा जागेपणाच रसायनानं झाकला, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. भूक मंदावते, दुपारचा डबा भरलेला परत येतो. औषध उशिरा घेतलं तर रात्री झोप लागत नाही. एमटीएमधल्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा तीन वर्षांत औषध घेणाऱ्यांची उंची न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटरनं मागे राहिली. तीन वर्षांनी लक्षणांमधला औषधगटाचा फायदाही पुसट झाला होता. २०११मध्ये १२ लाख मुलांच्या आणि तरुणांच्या अभ्यासात हृदयाच्या गंभीर घटना वाढल्या नाहीत. मात्र २०२३मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासानं अनेक वर्षांच्या वापराशी रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांची वाढलेली शक्यता जोडली, वापराच्या दर वर्षामागे सुमारे ४ टक्के. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नियमित न मोजता वर्षानुवर्षं चिठ्ठी पुढे ढकलणं म्हणूनच अक्षम्य आहे.

आक्षेपाचा दुसरा भाग व्यक्तिमत्त्वाचा: औषधानं मूल ‘आपलं’ राहत नाही. याचं उत्तर मुलांनाच विचारायला हवं, आणि संशोधक इलिना सिंग यांनी ते विचारलं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ९ ते १४ वर्षांच्या १५१ मुलांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा प्रकल्प २०१२मध्ये पुढे आला. औषधानं यंत्रमानव होतो असं बहुसंख्य मुलांना वाटत नव्हतं. आपण काय करावं याचा विचार करायला थोडी उसंत मिळते, असं अनेकांचं म्हणणं होतं. पण त्याच अभ्यासातून हेही कळलं, की डॉक्टर मुलांशी फार कमी बोलतात. बोलणं होतं ते आईवडिलांशी.

इथेच मुद्दा तासांवर येतो. बारा तास टिकणारी गोळी आहे म्हणून प्रत्येकाला बारा तासांची द्यायची, हाही जुन्याच चुकीचा नवा प्रकार आहे. फक्त शाळेचं घड्याळ जाऊन कंपनीचं घड्याळ आलं. संध्याकाळी चित्र काढताना, तबला वाजवताना किंवा मैदानात धावताना औषध उतरलेलं बरं वाटतं, असं एखादी मुलगी म्हणेल तर तिला आठ तासांची गोळी योग्य. शनिवार-रविवार औषध बंद ठेवायची प्रथाही तपासायला हवी. उंची किंवा भुकेची काळजी म्हणून बंद ठेवलं तर ते समजण्यासारखं आहे. शाळा नाही म्हणून बंद ठेवलं, तर आजार शाळेत राहतो असं आपण मान्य केलं. अमेरिकेनं २००४च्या कायद्यात शाळांवर बंधन घातलं, की मुलानं नियंत्रित औषध घेतलंच पाहिजे ही शाळेत बसू देण्याची अट असू शकत नाही. ब्रिटनच्या एनआयसीई या संस्थेनं दिवसातून एकदा घ्यायच्या प्रकारांची कारणं सांगताना सोयीबरोबर लाज कमी होणं, शाळेत औषध ठेवायची अडचण टळणं आणि गैरवापर रोखणं ही कारणंही नोंदवली. दोन्ही ठिकाणी निर्णय शाळेच्या हातून काढून व्यक्तीकडे नेण्याची दिशा दिसते.

भारतात हा प्रश्न आणखी गुंतलेला आहे. मिथाइलफेनिडेटचे साधे आणि दीर्घकाळ टिकणारे असे दोन्ही प्रकार इथे मिळतात, पण औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये आणि १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपायची असते, आणि अशी औषधं विकायला वेगळा परवाना लागतो. साहजिकच ती मोजक्याच दुकानांत असतात. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या पालकाला गोळीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, कधी पुण्या-मुंबईला जावं लागतं. गोळी संपली की पुढची मिळेपर्यंत मुलाचा दिवस उघडा. नियंत्रण नको असं नाही. पण ज्या प्रकाराची नशा होण्याची शक्यता कमी आहे, त्याला आणि साध्या गोळीला एकाच कुलपात ठेवणारा नियम मुळात कशाचं रक्षण करतो, हे तपासायलाच हवं.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे, जी अमेरिकी गोळीच्या घड्याळात बसत नाही. इथे अनेक शाळा दोन पाळ्यांत चालतात. सकाळच्या शाळेतलं मूल सातला दप्तर उचलतं, दुपारच्या शाळेतलं साडेबाराला, आणि दोघंही संध्याकाळी क्लासला जातात. सकाळी आठला घेतलेली साधी गोळी दुपारच्या शाळेच्या मुलाला वर्ग सुरू होण्याआधीच सोडून जाते. बारा तासांची गोळी सकाळी अकराला दिली तर तिचा परिणाम रात्री अकरापर्यंत रेंगाळतो आणि झोप मोडते. या मुलासाठी मधल्या लांबीचा प्रकार, न्याहारीनंतर थोडा उशिरा, हे उत्तर असू शकतं. पण ते शोधायला डॉक्टरांनी आधी शाळा कितीला भरते हे विचारायला हवं. दहा मिनिटांच्या भेटीत ते क्वचित विचारलं जातं.

शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडी नाही. जगभर सुमारे ५ टक्के मुलांमध्ये आढळणाऱ्या या स्थितीचं इथे स्वतंत्र कायदेशीर स्थान नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २ ते ९ वर्षांच्या दर आठ मुलांपैकी जवळजवळ एकात मेंदूच्या वाढीशी संबंधित एखादा विकार आढळला होता. एडीएचडी असलेल्या अनेकांना ‘वांड’, ‘धसमुसळा’, ‘लक्षच नाही हिचं’ यांपलीकडे निदान मिळालेलं नसतं. मुलींना तर तेही नाही. त्या उपद्रव देत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, आणि निदान झालंच तर नोकरी-संसाराच्या वयात होतं. प्रौढ वयात तर शाळेचं घड्याळ उरतच नाही. तिथे तास ठरवायला माणसाच्या स्वतःच्या दिनक्रमाशिवाय दुसरं कुठलं मोजमाप नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. निदानानंतरच्या पहिल्या भेटीत मुलाकडून दिवसाचे तास लिहून घेतले जावेत: कुठल्या वेळी सगळं हातातून निसटतं, कुठल्या वेळी औषध नको वाटतं. गोळीचा प्रकार त्यावरून निवडावा, आणि दर तीन महिन्यांनी वजन-उंचीबरोबर तो कागदही पुन्हा काढावा. शिक्षकांचा अभिप्राय घ्यावा, पण तोच एकमेव नसावा. वर्तनोपचार आणि पालकांचं प्रशिक्षण गोळीबरोबर द्यावं, कारण औषध उतरल्यानंतरचे तास त्यावरच चालतात. जिल्हा रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागांत दीर्घकाळ टिकणारं मिथाइलफेनिडेट ठेवलं, तर परवानाधारक दुकानाच्या शोधात होणारी पायपीट थांबेल. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेटला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यायला नकार दिला, पुरावा पुरेसा नाही या कारणानं. त्यांना हवा असलेला दीर्घ मुदतीचा पुरावा भारतासारख्या देशातही उभा राहू शकतो. त्यासाठी औषध घेणाऱ्या मुलांच्या नोंदी ठेवाव्या लागतील, आणि त्या नोंदींत परीक्षेच्या गुणांसोबत संध्याकाळी सात ते नऊ घरात काय घडलं हाही रकाना लागेल.